समोरचं माणूस चिडलेलं असताना मध्यस्थीच्या खोलीत कसं बसावं

"बारा लाख? एक रुपया सुटणार नाही माझ्याकडून. बाबांच्या दहाव्याला आली नाही ही!"

घटस्फोटाच्या बोलणीत रकमेवरून असं वाक्य आलं की समोरून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "मला कळवलं होतं का कुणी?" मग पुढचा अर्धा तास दहाव्यावर जातो. कोण कुठे उभं होतं, फोन कुणी केला, कुणी उचलला नाही. बारा लाखांचा विषय होता तिथेच राहतो आणि पुढची तारीख पडते.

मी वकिली करते, आणि प्रशिक्षण घेऊन न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणांत मध्यस्थ म्हणूनही बसते. तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. त्यामुळे या लेखातले प्रसंग अनेक खोल्यांमधले तुकडे जोडून, कुणाची ओळख पटणार नाही असे केलेले आहेत. राग नवऱ्याचा असतो तसा बायकोचाही असतो. खाली मी कधी त्याचं, कधी तिचं उदाहरण घेईन, तुम्ही आपापल्या बाजूने वाचा.

रागाने बोललेल्या वाक्यात बहुतेक वेळा एक मागणी असते, किंवा एक जखम असते. मागणीला उत्तर द्यायचं, जखम ऐकून घ्यायची आणि बाकीचं सुपातल्या फोलपटासारखं उडून जाऊ द्यायचं. वाचायला सोपं वाटतं, पण बारा वर्षांच्या संसारानंतर त्या टेबलाशी बसून हे करणं फार अवघड आहे. म्हणून त्याची तयारी घरापासून करावी लागते.

राग आहे की धोका, हे आधी ठरवा

आवाज चढवणं, टेबलावर हात आपटणं, जुनं उकरून काढणं, खोलीतून उठून जाणं हा राग झाला. तो समोर असतानाही काम करता येतं. पण यापूर्वी अंगावर हात टाकला गेला असेल, गळा दाबला असेल, पाठलाग होत असेल, "बाहेर भेट, बघतो तुला" अशा धमक्या येत असतील, तर या लेखातल्या बोलण्याच्या युक्त्या तुमच्यासाठी पुरेशा नाहीत. त्या वापरत धीराने बसून राहू नका.

पहिल्या बैठकीआधीच मध्यस्थाला किंवा विवाह समुपदेशकाला हे सांगा. समोर बोलायची भीती वाटत असेल तर वकिलामार्फत सांगा. वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, येण्याच्या वेळा वेगळ्या ठेवा, निघताना मला पंधरा मिनिटं आधी सोडा, असं स्पष्ट मागता येतं. न्यायालयाने मध्यस्थीला पाठवलं म्हणजे तडजोड केलीच पाहिजे, असं कुठेही नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे. त्याखाली स्त्रीला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवता येतो. तातडीची वेळ आली तर ११२, आणि महिलांसाठी १८१. मार खाणारा नवरा असेल तर त्यानेही लाज बाळगू नये. ११२ त्याच्यासाठीही आहे.

"मी जिवाचं बरंवाईट करून घेईन" हे वाक्य दबावासाठी बोललं जातं तसं खरोखरही बोललं जातं, आणि कुठलं कुठलं हे ओळखणं तुमचं काम नाही. ते मध्यस्थाच्या कानावर घाला, समोरच्याच्या घरातल्या एका समजदार माणसाला कळवा आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या. त्या वाक्याला घाबरून कशावरही सही मात्र करू नका.

खोलीत न्यायाधीश नसतो

कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईची कुटुंब न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली. या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, म्हणून तुम्हाला समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थाकडे पाठवतात. कलम १३ प्रमाणे वकील उभा करणं हा इथे आपोआप मिळणारा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. व्यवहारात वकील असतातच. पण मध्यस्थीच्या टेबलावर बोलायचं तुम्हालाच असतं. वकील परवडत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

मध्यस्थ निकाल देत नाही. चूक कुणाची हे तो ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मोती राम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे की मध्यस्थी पूर्ण गोपनीय असते. तडजोड झाली तर सह्या केलेला करार, नाही झाली तर "मध्यस्थी अयशस्वी" एवढंच न्यायालयाला कळवायचं.

याचा रागाशी थेट संबंध आहे. समोरचा म्हणाला, "हिने माझ्या आईला उपाशी ठेवलं", तर आपल्याला वाटतं की गप्प बसलो तर कबूल केल्यासारखं होईल. उलटतपासणीत तसं होऊ शकतं. इथे कुणी जबाब लिहून घेत नाही. तुमच्या गप्प बसण्याचा पुरावा होत नाही, त्यामुळे प्रत्येक आरोप खोडून काढायची गरज उरत नाही. हे एकदा मनात रुजलं की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. मी माझ्या अशिलांना पहिल्या बैठकीआधी दुसरं काही सांगितलं नाही तरी हे सांगतेच.

समुपदेशकाबाबत मात्र एक फरक लक्षात ठेवा. मुलांच्या ताब्याच्या बाबतीत न्यायालय समुपदेशकाकडून अहवाल मागवू शकतं. मुलांबद्दल तिथे जे बोलाल ते जपून आणि खरं बोला.

घरी: एक कागद, आणि तीन वाक्यं

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते तयार करताना जमवलेले आकडे एका कागदावर उतरवा: पगार, घराचा हप्ता, मुलांची फी, क्लास, आई-वडिलांची औषधं, एकत्र खातं, लॉकर, विमा. स्त्रीधनाची यादी वेगळी करा, वजन आणि शक्य तिथे पावतीसकट. त्याच कागदाच्या मागे तीन रकाने आखा: हवंच, चालेल, नको. समोरून आवाज चढला की डोकं बधिर होतं. तेव्हा हा कागद वाचता येतो.

दुसरी तयारी फारसं कुणी करत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. या माणसाबरोबर तुम्ही राहिलेले आहात. तो किंवा ती नेमकं काय बोलून तुम्हाला पेटवेल, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ती तीन वाक्यं लिहून काढा. "तुझ्या आईनेच वाटोळं केलं." "तू कधी कमावलंस?" "पोरगी तरी माझी आहे का?" शेवटचं वाक्य वाचूनच हात थरथरतो, पण ते खोलीत पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा घरी कागदावर पाहिलेलं बरं. मैत्रिणीला किंवा भावाला ती वाक्यं मोठ्याने म्हणायला सांगा आणि काही न बोलता दहा आकडे मोजा. चार-पाच वेळा केलं की वाक्याची धार थोडी बोथट होते. पूर्ण जात नाही.

सोबत कोण, आणि व्हरांडा

आपल्याकडे सोडचिठ्ठीच्या बोलणीला मामा, काका, गावातली चार मोठी माणसं घेऊन बसायची पद्धत आहे. त्या बैठकीत जो तो आपल्या बाजूची इभ्रत सांभाळत असतो. मध्यस्थीला तसा लवाजमा नेला की राग दुप्पट होतो, कारण आता माघार घ्यायची ती सगळ्यांच्या देखत. एकच माणूस न्या. जो तुमच्यावर प्रेम करतो पण तुमच्यासाठी भांडत नाही, असा. आईला बहुतेक वेळा घरी ठेवलेलं चांगलं. तिचा जीव तुटत असतो, आणि तो सासूच्या तोंडावर तुटतो.

मी पाहिलेली वाईट भांडणं खोलीपेक्षा बाहेरच्या व्हरांड्यात जास्त झाली आहेत. तिथे मध्यस्थ नसतो आणि वाट बघून सगळे वैतागलेले असतात. लांबच्या बाकावर बसा. जेवून जा. पाण्याची बाटली घ्या. त्या दिवशी दुपारची महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. घड्याळाकडे बघत बसलेल्या माणसाची सहनशक्ती लवकर संपते. फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग अजिबात नको. ते उघड झालं की विश्वास तर जातोच, मध्यस्थीही तिथेच संपते.

खोलीत

आधी हाक ठरवा. इतकी वर्षं "अहो" म्हणणारी बायको खोलीत एकदम "तू" वर आली की नवरा पेटतो, आणि नवऱ्याने नावाऐवजी "ही बाई" म्हटलं की बायको. "तो माणूस", "हे लोक" असे शब्द टाळा. जी हाक घरात होती ती नकोशी वाटत असेल तर साधं नाव घ्या, किंवा "मुलीचे बाबा", "मुलीची आई" म्हणा. ही तडजोड जवळजवळ सगळ्यांना जमते.

दुसरं, मध्यस्थाकडे बघून बोला. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की जुना संसार बोलायला लागतो.

आता मुख्य गोष्ट. दोन-तीन वाक्यं घेऊन बघू.

तो म्हणतो, "हिला फक्त पैसा हवा. माझं रक्त शोषलं, आता हाडं हवीत." यात मागणी काय आहे? मला झेपेल इतकीच रक्कम ठरवा. त्यावर तुमचं उत्तर: "एकदम देणं अवघड आहे हे मला कळतं. हप्ते कसे करता येतील ते बोलू." रक्त आणि हाडांबद्दल काहीच बोलायचं नाही.

ती म्हणते, "याला मुलगा हवाय फक्त मला छळायला. वर्षभरात एकदा तरी शाळेत गेला का?" यात मागणी आहे, आणि भीतीही आहे: मुलाचं करणार कोण? "शाळेच्या पालकसभेला मी गेलो नाही, हे खरं आहे. आता शनिवारी मुलगा माझ्याकडे असेल तेव्हा त्याचा अभ्यास, जेवण कसं बघणार ते मी लिहून आणलंय." आरोपातलं जे खरं आहे ते एका वाक्यात मान्य केलं की समोरच्याच्या हातातला दगड खाली येतो. खरं नसेल ते मान्य करायचं नाही, त्यावर वादही घालायचा नाही. "त्यावर आमचं वेगळं म्हणणं आहे" एवढं म्हणून आकड्याकडे या.

काही वेळा मात्र वाक्यात मागणी नसतेच, नुसती जखम असते. दहाव्याचं वाक्य तसं होतं. त्या बाईने पहिल्या बैठकीत "मला कळवलं होतं का?" म्हणून पाहिलं होतं. दुसऱ्या बैठकीआधी आम्ही तिच्याशी एकटीशी बोललो, आणि तेव्हा कळलं की ती त्या दिवशी घाटावर आली होती. सासरच्या कुणीतरी "आता कशाला आलीस" म्हटलं आणि ती परत फिरली. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलंच नव्हतं. खोलीत ती इतकंच म्हणाली: "मी आले होते. पायऱ्यांवरून परत गेले. कुणी काही म्हणालं तरी मी आत यायला हवं होतं. बाबांनी मला कधी वाईट वागवलं नव्हतं." तो काही बोलला नाही. भिंतीकडे बघत राहिला. बराच वेळ. त्यानंतर त्यांच्यात गोडवा आला असं काही झालं नाही, पण त्या दिवशी रकमेचा विषय पहिल्यांदा पुढे सरकला.

अशी एकट्याशी बैठक तुम्हालाही मागता येते. "मला मॅडमशी दोन मिनिटं वेगळं बोलायचंय" एवढं म्हटलं की पुरे. तिथे सांगितलेलं समोरच्याला सांगायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवता. रडू येत असेल, हात कापत असतील, तोंडातून वाईट शब्द निघेल असं वाटत असेल, तर त्याच्या आधी मागा. निघाल्यावर मागून उपयोग नाही.

"शांत हो" हे दोन शब्द कधीही वापरू नका. चिडलेल्या माणसाला ते ऐकू येतात "तुझं काही खरं नाही" असे. त्याचप्रमाणे "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द टाळा. "तू नेहमीच असं करतोस" म्हटलं की समोरचा लगेच एक अपवाद काढून दाखवतो आणि पुढचा तास त्या अपवादावर जातो.

न बोलणारा राग याहून कठीण. काही जण हाताची घडी घालून बसतात, "काहीही करा" म्हणतात, किंवा तारखेला येतच नाहीत. अशा माणसाला बोलतं करायचा आटापिटा तुम्ही करू नका. दोन स्पष्ट पर्याय लिहून मध्यस्थाच्या हातात द्या, उत्तराला मुदत मागा, आणि दोन-तीन तारखा फुकट गेल्या तर पुढे ताटकळत राहायचं नाही असं वकिलाशी आधीच ठरवून ठेवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज करता येतो. मध्यस्थी चालू आहे म्हणून घरखर्च थांबत नाही.

दोन तारखांच्या मध्ये

खोलीत बोललेलं गोपनीय असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं नसतं. रात्री अकराला रागात पाठवलेला मेसेज पुढे पुरावा म्हणून न्यायाधीशांसमोर येऊ शकतो, तुमचाही आणि त्यांचाही. म्हणून एका मेसेजमध्ये एकच विषय, तीन ओळींत: "शनिवारी मुलीला दहाला आणते. तापाचं औषध बॅगेत आहे. सहाला घ्यायला येईन." शिवीगाळीच्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही, तो पुसायचाही नाही. रात्री नऊनंतर उत्तर नाही, हा नियम स्वतःपुरता पाळा. स्टेटसवर सुविचार टाकून टोमणे मारणं बंद. ते नेमक्या माणसापर्यंत नेमक्या वेळी पोहोचतात.

मुलांच्या हाती निरोप पाठवणं तर नकोच. "बाबांना सांग फी भरायला" हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाने का वाहून न्यावं? त्याला दोन्ही घरांतला राग असा झेलायला लागू नये, यासाठी मी खोलीत आवाज चढवला आहे. मध्यस्थाने चढवू नये खरं तर.

सहीच्या आधी

रागाची एक शेवटची खेळी असते, आणि ती बहुतेक वेळा आपलीच असते. "घे सगळं, मला फक्त सोड." दमलेलं माणूस असं म्हणतं आणि दोन वर्षांनी पस्तावतं. संमती अटींच्या, म्हणजे तडजोडीत ठरलेल्या अटींच्या, मसुद्यावर त्याच दिवशी सही करू नका. घरी न्या, झोपा, सकाळी वाचा.

वाचताना दोन शब्द शोधा आणि खोडा: "सोयीनुसार" आणि "लवकरात लवकर". पुढची भांडणं या शब्दांतून उगवतात. मुलांची भेट सोयीनुसार लिहू नका. पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते सहा, सोसायटीच्या गेटवर, असं लिहा. गणपती कुणाकडे, दिवाळीतला पाडवा कुणाकडे, दोन भावंडं दोन घरांत असतील तर भाऊबीज कुठे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, सगळं लिहा. पैशांचं तसंच: रक्कम, तारीख, खातं, चुकला तर काय. घराच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार आणि बँकेच्या कागदावरून नाव कधी निघणार. फौजदारी गुन्हा दाखल असेल तर तो नुसत्या तडजोडीने संपतोच असं नाही. बहुतेक वेळा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्याचा खर्च आणि क्रम वकिलाकडून आधीच समजून घ्या.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ असतो. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात तो माफ होऊ शकतो, पण धरून चालू नका. आणि सुरेश्ता देवी प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे पैसे, दागिने आणि खटले मागे घेणं टप्प्याटप्प्याने बांधा: काही पहिल्या अर्जाला, उरलेलं शेवटच्या तारखेला. या सहा महिन्यांत समोरच्याचा राग पुन्हा उसळेल असं काहीही करू नका. दागिने कमी भरले असं वाटलं तर फोन करू नका, वकिलामार्फत लिहा.

त्या दहाव्याच्या जोडप्याच्या अटी सहा पानांच्या झाल्या. रक्कम तीन हप्त्यांत ठरली. सगळं वाचून झाल्यावर त्याने एक ओळ वाढवायला सांगितली, आणि तिने लगेच होकार दिला: आजोबांच्या वर्षश्राद्धाला, तो शनिवार असो नसो, मुलगी बाबांकडे जाईल. तिथी दर वर्षी बदलते, म्हणून महिनाभर आधी तारीख कळवायची, हेही त्यात लिहिलं.